इम्रानसाठी तीन मुली

३ फेब्रुवारी, इंदापूर
मी काढलेली दोन्ही खोटी खाती बंद पडली. लग्नाच्या साइटवरून निरोप: एकाच ठिकाणाहून अनेक नावं चालवल्याचा संशय. संशय कसला, खरंच होतं ते.
इम्रान तिथं आहे हे मागच्या आठवड्यात कळलं. 'साधा, मनमिळाऊ, मोठ्यांना मानणारा.' बारामतीत बॅटऱ्यांचं दुकान. फोटोत नवा चष्मा. ह्याच माणसानं माझ्या धाकट्या बहिणीशी, नाझियाशी ठरलेलं लग्न बारा दिवस राहिले असताना मोडलं. कारण? मुलीला फिट येतात. रोज्याच्या दिवशी कापडाच्या दुकानात चक्कर येऊन पडली, एवढंच झालं होतं. डॉक्टरांचा कागद घेऊन मी स्वतः त्यांच्या घरी गेले होते. हातातसुद्धा घेतला नाही, तिथंच ओट्यावर ठेवून आले. त्यानंतर दोन स्थळं आली, चौकशी करून गप्प झाली. नाझिया आता कुणाच्या शादीला जात नाही.
मी सोडणार नाही त्याला.

५ फेब्रु.
क्लासमध्ये जाधव सरांना विचारलं. ते नेटवर्किंग शिकवतात, मी टॅली नि टायपिंग. एका मशीनवर तीन माणसं वेगवेगळी दिसायला काय करायचं? मुलांना शिकवायचंय, असं मी सांगितलं. थाप.
"म्याडम, एकाच ब्राउझरात तीन प्रोफाइल करायची. म्हंजे एकीचं लॉगिन दुसरीला कळत न्हाय. पण रस्ता तर तुमच्याच घरातनं निघतो की! म्हणून प्रत्येकीला येगळा प्रॉक्सी लावायचा. मधी दुसऱ्या गावचा सर्वर. साइटला वाटतं बाई तितनंच बोलतीय."
"आणि चुकलं तर?"
"चुकीच्या प्रोफाइलात एकदा जरी लॉगिन केलं, खेळ खलास."
सरळ माणूस. पुढं काही विचारलं नाही.

८ फेब्रु.
झालं. हिरवं प्रोफाइल: सना, सोलापूर, शिक्षिका. लाल: आफरीन, नगर, मेडिकलमध्ये. निळं: मेहजबीन, कोल्हापूर, घरीच असते, कमी बोलते. तिघींना तीन प्रॉक्सी. फोटो नाही, 'घरच्यांच्या परवानगीनंतर'. कोण काय बोलली ते वहीत लिहून ठेवते, नाहीतर माझाच गोंधळ व्हायचा.
अम्मी म्हणाली, सारखं काय टायपिंग? म्हटलं, क्लासचं काम.

१४ फेब्रु.
तिघींनाही इम्रानचं उत्तर. तिघींना एकच वाक्य, काना-मात्रेसकट: 'तुमची माहिती वाचून मनाला शांती मिळाली.'
मोठ्यानं हसले. माझंच हसणं मला आवडलं नाही.

१७ फेब्रु.
लाल प्रॉक्सी मेला. पान उघडेना. आफरीन दिवसभर गप्प. त्यानं दोनदा विचारलं, नाराज आहात का?

१९ फेब्रु.
सनानं विचारलं, आधी कुठं ठरलं होतं का? 'नाही.' आफरीननं विचारलं. 'नाही, कधीच नाही.' दोन्ही उत्तरांचे स्क्रीनवरून फोटो काढून ठेवले. मेहजबीनला विचारायला लावलं नाही. तिच्या स्वभावात बसत नाही.
नाझियाला पुसून टाकलं त्यानं. म्हणजे ती झालीच नाही.
आता बोलवायचं. निमगाव केतकी, बाजाराचा दिवस, एस.टी. स्टँड. सना अकराला, आफरीन बाराला, मेहजबीन एकला. तिघींची खाला, म्हणजे मावशी, निमगावात राहते असं सांगितलं! तिघींना 'हो' म्हणाला. उन्हात उभा करते. मग सगळे फोटो जमातीच्या ग्रुपवर.

२६ फेब्रु.
निमगावला जाऊन आले. सगळं लिहून काढते.
नकाब घालून शेडमध्ये बसले होते. तो आला, पण एकटा नाही. आई सोबत. हातात मिठाईचा डबा. अकरा वाजले, बारा वाजले. तो प्रत्येक गाडीपाशी जाऊन उतरणाऱ्या बायका बघायचा. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.
मग म्हातारी माझ्याच शेजारी येऊन टेकली. ओळखलं नाही.
"बाई, सोलापूरची गाडी गेली का हो?"
मी मान हलवली.
"पोरगी बघाय आलोय. लेकाचं एकदा मोडलंया. त्यानं न्हाय, मीच मोडलं." आणि आपणहून सांगत बसली. तिची थोरली सून. तिला फिट यायची. घरात कुणी नसताना चुलीवर पडली. "माझ्या हातानं काढली तिला. मग ही दुसरी दुकानात पडली ऐकलं नि माझं काळीजच हाललं. पुन्यांदा बघवलं नसतं."
मी न राहवून म्हणाले, आवाज बारीक करून, "मोडलं ते मोडलं. पण पोरीचं नाव गावभर कशाला केलं?"
"लोक इचारत्यात की, का मोडलं म्हनून. काय तरी सांगाय लागतं."
काय तरी. नाझियाचं अख्खं आयुष्य म्हणजे काय तरी.
उठले. मिळेल त्या गाडीनं इंदापूर. दीडला निघाले तेव्हा तो अजून गाड्या बघत होता.

२७ फेब्रु.
ग्रुपवर टाकायला सगळं तयार. टाकलं नाही. कारण ती म्हातारी, चुलीवर पडलेली तिची ती सून...

२८ फेब्रु.
सनाला त्यानं लिहिलंय, 'असं फसवायला नको होतं.' आफरीनला काहीच नाही. मेहजबीनला मात्र लांबलचक. शब्द उतरवून घेते:
'तुम्ही आला नाहीत ते बरंच झालं. आधी माझं एकदा ठरलं होतं. इंदापूरची मुलगी. तिला काही आजार नाही. डॉक्टरांचा कागद मी आईच्या माघारी वाचला होता. तरी गप्प बसलो. तुम्हाला खोटं सांगून लग्न करायचं नाही.'
हीच कबुली आम्ही वर्षभर मागत होतो. त्याच्या हातचा. आणि ती आलीय कुणाला, तर नसलेल्या मुलीला. दाखवायची म्हटलं तर मेहजबीन कोण, हे आधी सांगावं लागेल. मग लोक म्हणतील, बहीणच अशी खोटारडी, तर ती...

१ मार्च
दुपारी क्लासवरून आले तर नाझिया माझ्या मशीनवर. हिरवं, लाल, निळं, तिन्ही उघडी.
"आपा, ह्या कोण?"
सगळं सांगितलं. निमगावचं पण, त्या सुनेचं पण. ती रडली नाही. सुरुवातीपासून एकेक ओळ वाचत गेली. सनाचं वाचताना एकदा म्हणाली, "किती गोड बोलतीस तू त्याच्याशी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
शेवटी निळ्यावर थांबली. त्याचं ते लांबलचक दोनदा वाचलं.
"ही मेहजबीन मला दे."
"काय करणार हाईस?"
"तू ऊठ तितनं."
तासभर झाला. टायपिंगचा आवाज येतोय, मधेच थांबतो. मी दारातून डोकावले तर तिनं स्क्रीन भिंतीकडं वळवली.