भट्टीखालच्या खड्ड्यात उतरू नका

हैबतीदादा,

आल्या आल्या चुनाभट्टीखालच्या खड्ड्यात उतरू नका. आधी दोरीनं कंदील सोडा, विझला तर मागं फिरा. वहिनी खाली निपचित पडलेल्या आपल्या कुत्र्याला उठवायला उतरल्या आन् तिथंच पडल्या. भिमाकाकांच्या बैलगाडीतनं त्यांना भोरच्या दवाखान्यात नेतोय. श्वास चालतोय, पण ओ देत न्हाईत.

चूक माझी हाय. कोंडलेल्या भट्टीत दगडातनं जेवढा वायू सुटतो तेवढाच चुन्यात परत मुरतो, म्हनून चुना कच्चा ऱ्हातो, असं शाळेत शिकलो आन् कालच तुमाला म्हनलो, खड्ड्याकडचं खालचं तोंड उघडा, वायू जाऊ द्या. तुमी उघडलंत.

तो जड असतो, खाली साचतो, हे बी त्याच पुस्तकात हाय. ते पान म्या वहिनींना वर काढल्यावर उघडलं.

ज्ञानू