मुलाखतीतला अकरावा प्रश्न

ता. ९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, गच्ची गळते, संपादक आहेत तसेच आहेत.

बुधवारी आमच्या ऑफिसात येऊन तू मला "नमस्कार, मॅडम" म्हणालास, ते छान वठलं. फोटोग्राफर समोर होता, म्हणून मीही "बसा" म्हणाले. आमच्या पुरवणीची रीतच आहे: ज्या पुस्तकाची वाखाणणी केली, त्याच्या लेखकाची मुलाखतही आपणच घ्यायची. टोपणनावामागे कोण दडलंय हे आधी विचारायची रीत नाही. ती आता पाडायला हवी.

परीक्षणात मी लिहिलं होतं, "आजारी बापाबद्दल इतकं खरं फक्त त्याची उशी बदललेला माणूसच लिहू शकतो." बरोबरच होतं. उशी मी बदलत होते. चार वर्षं दर रविवारी तुला कळवत होते, आणि तू ती पत्रं उचललीस. कारकून बाबांना शिंपी केलंस, सेवा मुलाच्या नावावर घातलीस, मला मुळातूनच वगळलंस. वीस वर्षं लोकांच्या उचलेगिरीवर कोरडे ओढणाऱ्या बाईला स्वतःचीच वाक्यं ओळखता आली नाहीत. वर त्यांना "दुर्मीळ" म्हणाले. हसून घे.

दहावा प्रश्न शेवटच्या पानाचा होता. मुलगा बापाचा हात धरून बसतो आणि बाप जातो, हे कुठून सुचलं? तू चष्मा पुसत म्हणालास, "सुचलं नाही. मी तिथेच होतो."

तू तिथे नव्हतास, मेल्या. तू चौथ्या दिवशी आलास आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास.

इथेच पत्र संपवणार होते. पण मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

मीही तिथे नव्हते. बाबांनी दोनदा हाक मारली. मी पलीकडच्या खोलीत लिहीत होते. म्हटलं, एवढं वाक्य संपवते आणि जाते. पत्र तुलाच होतं. ते वाक्य तुझ्या पुस्तकात पान एकशेचाळीसवर आहे. परीक्षणात मी ते कौतुकानं उतरवलंय.

शेवटचं पान मला का आवडलं, कळलं? त्यात बाबांजवळ कुणीतरी होतं.

मुलाखत सोमवारी छापायला जाते. अकरावा प्रश्न लिहून पाठवते: "वडील गेले तेव्हा तुम्ही कुठे होता?" उत्तर स्वतःच्या शब्दांत दे, जमलं तर. नाही आलं, तर प्रश्नाखाली जागा कोरी सोडेन आणि त्याखाली माझं उत्तर छापेन.

वाक्य पूर्ण करूनच उठलेली,
तुझी ताई