आईची खोली

३ एप्रिल, शनिवार
नव्या घरात आलो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे इथे फक्त खरं लिहायचं असं ठरवलं आहे.

सामान उतरवणाऱ्यांच्या डोक्यावर स्वतः उभा राहिलो, म्हणून फक्त आरसा फुटला. खोक्यांवर मी आधीच मार्करने लिहून ठेवलं होतं. सिस्टिम हवी. बायकोचं म्हणणं, सगळ्याच खोक्यांवर 'महत्त्वाचं' लिहिलंय, मग किटली कशात आहे ते कसं कळणार. किटलीही महत्त्वाचीच आहे, असं मी सांगितलं.

मुख्य गोष्ट. आई १ मेला आपल्याकडे राहायला येणार. कायमची. दादाच्या घरी चौथा मजला आणि लिफ्ट सदा बंद. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती खाली उतरलेलीच नाही. दिवसभर खिडकीत बसून असते. मला ते बघवत नाही. इथे आपला पहिला मजला, एकच जिना. मी दादाला फोनवर तारीख सांगून टाकली. तो म्हणाला, घर लागू दे आधी, घाई नको. या 'घाई नको'मध्ये टोमणा होता. लहानपणापासून ओळखतो मी त्याला.

बायको म्हणते ठेकेदाराला बोलवू. साफ नाही म्हटलं. विमा कंपनीत घरांच्या नुकसानीचे दावे तपासण्यात माझी उमर गेली. निम्मे दावे 'ठेकेदार आला आणि' असे सुरू होतात. त्यावर ती म्हणाली, उरलेले निम्मे 'मी स्वतःच करायला गेलो आणि' असे सुरू होतात, हे तूच जेवताना सांगतोस. खरं आहे. पण ती माणसं वेगळी.

निश्चय: आईची खोली मी स्वतःच्या हातांनी करणार. रंग, पलंग, बाथरूममध्ये धरायला हँडल. सगळं.

४ एप्रिल, रविवार
ड्रिल मशीन आणलं. हातात घेतल्याबरोबर माणूस बदलतो. तीन व्हिडिओ बघितले. अवघड असं काहीच नाही.
किटली सापडली नाही. पातेल्यात चहा.

१० एप्रिल, शनिवार
आईला फोन करून कुठला रंग आवडेल विचारलं. ती म्हणाली, पांढरा चालेल. बिचारीला मोकळेपणाने मागायची सवयच नाही. मी 'सोनेरी पहाट' नावाचा रंग निवडला. एकट्याने तीन भिंती मारल्या. चौथीला डबा संपला.
बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, खोली कावीळ झाल्यासारखी दिसतेय. तिला समजावलं की ओला रंग नेहमी भडक दिसतो. वाळला की बसतो.

११ एप्रिल, रविवार
वाळला. बसला नाही. रंगाला वेळ द्यावा लागतो.

१७ एप्रिल, शनिवार
सकाळ: आज हँडल. आईच्या खोलीला लागून मोठं बाथरूम आहे, तिथे. बायको म्हणाली, आतून पाइप कुठून गेलाय ते बिल्डरच्या माणसाला विचारून घे, एक फोनचं तर काम. मी तिला व्हिडिओतली पद्धत दाखवली. भिंतीवर बोटाने टकटक करायची. पोकळ आवाज आला की पाइप, भरीव आला की बिनधास्त. सगळीकडे भरीव आवाज आला.

दुपार: पाइप भरीव जागीच होता.

संध्याकाळ: आता जरा शांतपणे लिहितो. पाणी छातीवर आलं. मी प्रसंगावधान राखून भोकावर तळहात दाबून धरला आणि बायकोला मेन व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलं. तिने विचारलं, कुठे आहे. हा प्रश्न घर घेताना तिने विचारायला हवा होता. शेवटी खालच्या बाई वर आल्या. तळमजल्यावर एकट्याच राहतात, हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आता रिटायर झाल्या आहेत. त्यांनी जिन्यातला व्हॉल्व्ह बंद केला आणि मग मला सांगितलं की हात काढला तरी चालेल. मी आणखी थोडा वेळ धरून ठेवला. खात्री करून घेतलेली बरी.

१८ एप्रिल, रविवार
मेट्रनबाईंच्या छताला डाग पडलाय. माफी मागायला खाली गेलो. डाग तसा लहान आहे. म्हणजे ट्रेएवढा होता, माझा चहा होईस्तोवर सतरंजीएवढा झाला. ओल भिंतीतून कशी पसरते ते मी त्यांना सविस्तर समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, थांबेल कधी. मी म्हटलं, ओलीचं असं सांगता येत नाही. त्यांनी बिस्किटांची बशी पुढे केली.
घर मात्र अतिशय टापटीप. एक खोली तर नुसती रिकामीच पडून आहे. माणसाला एवढी जागा लागते कशाला?

आमच्याकडे हॉलपर्यंत पाणी गेलंय. सगळी खोकी उचलून आईच्या खोलीत रचली, कारण बाथरूमचं दार हॉलकडे उघडतं आणि तीच काय ती कोरडी आहे. तात्पुरती.

२१ एप्रिल, बुधवार
स्वतःच्याच कंपनीत स्वतःचा दावा दाखल केला. कारण: 'भिंतीतील पाइप अचानक फुटला.' अचानकच होतं ते, माझ्यासाठी तरी. फाइल शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेली. हा माणूस मी घडवलाय. त्याने अदबीने विचारलं की सर, पाइप फुटला तेव्हा त्याच्या आसपास काही काम चालू होतं का. हा प्रश्न मीच त्याला शिकवला. फार चांगला प्रश्न आहे, भले भले यात अडकतात.

२३ एप्रिल, शुक्रवार
दावा नामंजूर. 'मालकाचा निष्काळजीपणा.' मी त्याच्याशी बोलत नाही. म्हणजे कामापुरतं बोलतो.

२५ एप्रिल, रविवार
बायकोने प्लंबर बोलावला. मी हरकत घेतली नाही, कारण देखरेख माझीच. त्याने फुटक्या पाइपचं तोंड बंद करून टाकलं, वर सहा-सात फरशा उखडल्या आणि एक जोड आणतो म्हणून गेला. फोन लागत नाही. मोठं बाथरूम तूर्त बंद. स्वयंपाकघराजवळचं लहान चालू आहे, पण त्याचा उंबरा एवढा उंच की मलाच पाय उचलताना कमरेवर हात ठेवावा लागतो.

आईचा फोन. बॅग भरायला घेऊ का विचारत होती. मी म्हटलं, घे की. मग म्हणाली, खोलीच्या खिडकीतून रस्ता दिसतो का रे? मी म्हटलं, स्पष्ट. खोकी काढली की दिसेल. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला एकदम भरून आलं. तिला म्हटलं, तू फक्त ये, तुझी खोली तयार आहे.
म्हणजे होईल.

२८ एप्रिल, बुधवार
आईचा पलंग मी जोडला! घरी आल्यावर, एकट्याने, सूचनांचा कागद न बघता. आठ स्क्रू उरले. कंपन्या हल्ली जास्तीचे देतात. पलंग हॉलमध्ये आहे, कारण आईच्या खोलीत जोडायला जागा नव्हती. आणि आता तो आईच्या दारातून जात नाही. आडवा नाही, उभा नाही, तिरका करून अर्धा गेला आणि दोन तास तिथेच राहिला, उरलेला अर्धा बोळ अडवून. बायकोला तिच्याच खोलीत जायला पलंगावरून चढून जावं लागलं. ती एक शब्द बोलली नाही. आमच्या लग्नात हे लक्षण चांगलं नाही.

३० एप्रिल, शुक्रवार
दादाला फोन करून एक आठवडा पुढे ढकलावं असं ठरवलं. फोन लावला. एंगेज लागला. परत लावला नाही. एकदा दिलेला शब्द आपण फिरवत नाही.

१ मे, शनिवार
आई आली. दादा घेऊन आला. चार मजले उतरायला तिला सकाळभर लागली म्हणे. आमचा जिना मात्र ती कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून, हसत हसत चढली. नवी साडी नेसली होती.

खोलीच्या दारात उभी राहिली. आत जायला वाट नव्हती. मी एक खोकं ओढून दिलं, त्यावर बसली आणि म्हणाली, छान आहे रे. चौथी भिंत अजून पांढरी आहे, तिच्याकडे बघून म्हणाली, हा रंग बरा आहे. दादाने एकेक खोली फिरून बघितली. सगळ्या भिंती बघितल्या, अर्धवट बाथरूम बघितलं, पलंग हलवून बघितला. तो हलला. दादा काहीच बोलला नाही. मला आज सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा.

मग आईला बाथरूमला जायचं होतं. उंबऱ्यापाशी गेली, पाय उचलून बघितला, परत ठेवला. बायको आणि मी दोन्ही बाजूंनी धरतो म्हटलं, पण ती संकोचली. शेवटी बायको तिला हळूहळू खाली मेट्रनबाईंकडे घेऊन गेली. त्यांच्या बाथरूममध्ये हँडल आहे. त्यांनी रिटायर होतानाच बसवून घेतलंय म्हणे. माणसं काय काय करून ठेवतात.

संध्याकाळी आणायला गेलो तर दोघींचा चहा चालला होता. आई म्हणाली, आज इथेच झोपते, खोली रिकामीच आहे त्यांची. मेट्रनबाई म्हणाल्या, काम होईपर्यंत राहू दे. मी आभार मानले. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

२ मे, रविवार
दादाने फोनवर विचारलं, येऊन परत नेऊ का तिला. मीच उत्तर देणार होतो, पण बायको म्हणाली, ज्यांना राहायचंय त्यांना विचारा. आई म्हणाली की ते चार मजले मी आता चढणार नाही, मी थांबते. ऐकलंस, मी दादाला म्हटलं. थांबते म्हणाली ती. माझ्यासाठी.
पुढच्या रविवारी खोली तयार.

९ मे, रविवार
कामाला आता शिस्त आली आहे. रोज ऑफिसला जाताना खाली डोकावतो आणि आईला प्रगतीचा रिपोर्ट देतो. ती 'हो का' म्हणते. संध्याकाळी त्या दोघी फाटकापर्यंत चालून येतात, येताना बाकावर बसतात. परवा वरून बघितलं तर आई कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती आणि मेट्रनबाई पोट धरून हसत होत्या. आईचा चेहरा उजळलाय. शेवटी ही इमारत निवडली कोणी?
प्लंबर आला. चुकीचा जोड आणला होता. परत गेला.

१६ मे, रविवार
खोली पांढरी केली. माझी स्वतःची कल्पना. पिवळा थोडा थोडा वर येतोय, त्यामुळे खोलीला ऊब आली आहे.
आईला बघायला चल म्हटलं. म्हणाली, येईन रे सावकाश, आत्ता डाव अर्धा राहिलाय. पत्ते चालू होते. बायकोही खेळत होती. ती हल्ली रात्री तिथेच जेवते. म्हणते, तिकडे जेवायचं टेबल आहे आणि टेबलावर पाना-पक्कड नसते.
वर येऊन एकटाच ऑम्लेट खाल्लं. किटली सापडली. ती आईच्या खोलीत अगदी तळच्या खोक्यात होती.

२३ मे, रविवार
आईने दादाकडून उरलेलं सामान मागवून घेतलं. दोन पोरांच्या घरांत मिळून तिचं असेल नसेल तेवढं सगळं आता तळमजल्यावर आहे. मला बोलावून म्हणाली की मेट्रनबाई आणि तिचं ठरलंय. घरखर्च दोघींत, स्वयंपाक आळीपाळीने, आणि पाहुणी म्हणून नाही, राहायलाच. मी म्हटलं, अगं, आता फक्त हँडल राहिलंय! ती म्हणाली, हो रे, माहीत आहे. आणि माझ्या हातावर हात ठेवला, तापात ठेवायची तसा.

दादाचा फोन. म्हणाला, याहून चांगली सोय झाली नसती, आई इतकी मजेत मी कधी बघितली नव्हती. टोमणा शोधला. सापडला नाही. मी म्हटलं, माझा प्लॅन साधारण हाच होता.
तरी खोली पूर्ण करणार. खोली तयार आहे म्हटल्यावर तिचा विचार बदलेल. एकदा बघू तर दे.

३० मे, रविवार
सगळं झालं. खोकी निघाली. पलंग सुताराने खोलून आत नेऊन परत जोडला (बायकोने बोलावलेला, मी फक्त उजेड धरला). फरशा बसल्या. खिडकीतून रस्ता दिसतो. स्पष्ट. राहिलं होतं फक्त हँडल. या वेळी बिल्डरच्या माणसाला फोन केला. त्याने अर्ध्या मिनिटात पाइप कुठे आहे ते सांगितलं.

जेवण झाल्यावर ड्रिल लावलं. दोन भोकं अगदी सरळ पडली. तिसरं चालू असताना बेल वाजली.

दारात आई. एकटी जिना चढून आली होती. मला काय वाटलं ते लिहायला नको. मशीन खाली ठेवलं, हात पँटला पुसले, बाजूला होऊन वाट करून दिली. ती आत आली नाही. दारातूनच म्हणाली की आवाज फार येतो रे खाली, त्यांची दुपारची झोप मोडते, मेट्रनबाईंना वर येऊन बोलायचा संकोच वाटतो म्हणून मी आले. चारनंतर कर म्हणाली. शेजारी जसं सांगतात तसं, अगदी नीट सांगितलं.

मी म्हटलं, आलीच आहेस तर हँडल कुठल्या उंचीवर लावू तेवढं हात धरून दाखव. तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शर्टावरचा चुना झटकला आणि म्हणाली, तुझ्याच उंचीला लाव. पुढेमागे तुलाच लागेल.

आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली. मी वर उभा होतो. खालचं दार लागल्याचा आवाज आला, मग हसण्याचा. फार वाईट वाटलं. शोधून बघितलं, पण तिच्या बोलण्यात एकही चूक सापडेना.

साडेचारला लावलं. माझ्या उंचीला. धरलं की जरा हलतं, पण मी अजून चांगला धडधाकट आहे.