रांगेतल्या चपला

ती. बाबांना, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे होतं एकदाचं. आईला सांगा, वजन उतरलेलं नाही.

इथे सगळ्या पंचक्रोशीत मी एकटीच डॉक्टर. उजाडायच्या आधीच लोक येतात. उभं राहवत नाही म्हणून रांगेत चपला ठेवून व्हरांड्यात बसतात. रांग सरकली की मागचा माणूस पुढच्याच्या चपला पायाने हळूच पुढे ढकलतो. कुणी मध्ये घुसत नाही. तुम्हाला आवडली असती अशी रांग.

परवा एका आजींचा नंबर आला. चपला अगदी माझ्या दारात होत्या. सिस्टरने हाका मारल्या. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळा लागलाय असं समजून कुणी उठवलं नव्हतं. मी नाडी पाहिली. आजी केव्हाच गेल्या होत्या. चपला मात्र लोकांनी दारापर्यंत आणल्या होत्या.

मग मी पुढचा नंबर घेतला. बाकीचे ताटकळले होते.

आपल्या गावच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले का? का अजून आठवड्यातून एकदाच कुणीतरी येतं? आई म्हणाली, जिना चढताना तुम्हाला धाप लागते. मी फोनवर विचारलं, तर तुम्ही विषय बदललात.

बाबा, तुम्ही जन्मात रांग मोडली नाहीत, ठाऊक आहे मला. पण छातीत दुखलं तर चपला पायातच ठेवा आणि सरळ डॉक्टरांसमोर जाऊन बसा. कुणी अडवलं तर सांगा, माझी मुलगी डॉक्टर आहे.

तुमची धाकटी