घसा बसलाय, इतकंच

५ जुलै १९८६, शुगर लँड
गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळापुढे माझं भाषण ठरलं. विषय: पॉप संगीत, तरुण पिढीची अफू. माईक घेणार नाही. घसा मे महिन्यापासून बसलाय. इथली दमट हवा, दुसरं काही नाही. पद्मजा म्हणते, दिगंबरला दाखवा. दिगंबर घशाचा डॉक्टर. त्याला सगळीकडे रोगच दिसणार. संकल्प: सिगारेट बंद.

१२ जुलै
सिगारेट चारवर आणली. विचाराला धूर लागतोच.
शत्रूचा अभ्यास त्याच्या किल्ल्यात शिरून करावा. लँटर्न बॉइज या बँडचं म्युझियम तीन तासांच्या ड्राइव्हवर आहे. रुपालीच्या खोलीत भिंतभर त्यांचीच पोस्टर्स. तिलाच तिथे नेऊन तिची झापडं उतरवणार. म्हणाली, ओके बाबा, पण प्लीज, नो लेक्चर. बघू.

१९ जुलै, संध्याकाळी
म्युझियम पाहिलं. गाभाऱ्यासारखा अंधार. काचेच्या पेट्यांत गिटारी, घामाने विटलेली जॅकेटं, मेलेल्या गायकाचे बूट. बायका चक्क रडत होत्या. मी तिथेच उभा राहून बोललो. अर्ध्यात आवाजाची शिट्टी झाली. रखवालदाराने पाणी आणून दिलं. विचारांचा प्रभाव पडतोच.
शेवटच्या दालनात बटण दाबलं की गायकाची जुनी मुलाखत ऐकू येते. खरखरत सांगतो, घसा बसलाय, इतकंच. पुढच्या महिन्यात टूरवर निघतोय. टूर झालीच नाही, असं खाली लिहिलंय. रुपालीने ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, काहीतरी बोला. काय बोलू? म्हणाली, एनीथिंग.
अखेर मुलगी ऐकायला तयार झाली! परतताना घरापर्यंत बोललो. ती ड्राइव्ह करता करता डोळे पुसत होती. मूर्ती फुटली की दुःख होणारच.

२० जुलै
पोस्टर्स अजून भिंतीवरच. रुपालीने मला न विचारता दिगंबरकाकांना फोन केला. तोही मराठीतून. म्युझियमचा खर्च वसूल.

२ ऑगस्ट
दिगंबरने घशात आरसा घालून पाहिलं. एरवी हा चार विनोद केल्याशिवाय सोडत नाही. आज हात धुतच राहिला. म्हणाला, तुकडा काढून तपासू. मी म्हटलं, गणपतीनंतर. पद्मजा म्हणाली, सोमवारी. माझ्याकडे न बघता.

१४ ऑगस्ट
उद्या ऑपरेशन. स्वरयंत्रच काढावं लागणार. दिगंबर म्हणाला, घरच्यांशी काय बोलायचं ते आज बोलून घे, यार.
दिवसभर भाषण बांधलं: पद्मजेचे उपकार, रुपालीला उपदेश, समारोप. रुपाली टेपरेकॉर्डर घेऊन समोर बसली होती. तिला म्हटलं, आज आवाजाला विश्रांती. उद्या तिकडे बोलेन. हॉस्पिटलात शांतता असते, आणि प्रस्तावना अजून थोडी घट्ट करायची आहे.

१९ ऑगस्ट, हॉस्पिटल
आज बसून लिहिता आलं.
त्या दिवशी त्यांनी मला ठरल्या वेळेच्या आधीच आत नेलं. रुपाली टेप चालू करून स्ट्रेचरबरोबर धावत होती. दारापाशी वाकली. प्रस्तावना आठवेना. मी विचारलं, गाडी सावलीत लावलीस ना?
हो बाबा, म्हणाली. दार बंद झालं.
रुपाली रोज ती टेप लावते. पद्मजा म्हणते, एकेक शब्द स्वच्छ आलाय.