कार्बन थंडीतच टिकतो

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून पेपर लिहायचाच. दहा दिवसांत हातावेगळा. मुद्दा एका ओळीचा: थंडीत पालापाचोळा लवकर कुजत नाही, म्हणून मातीत कार्बन टिकतो. सगळं हवामानाच्या हातात. शेजारच्या टेबलावरची संशोधक, जिला मी मनात खनिजबाई म्हणतो, सांगते की चिकणमाती आणि लोह कार्बन धरून ठेवतात. धरतात म्हणे! हिच्या सिंकमध्ये आठवड्याचा चिखल, त्यावर चहाची पिशवी तरंगतेय. शी!

५ मार्च
मातीच्या नमुन्यांचे निकाल आले. माझ्या थंड डोंगराच्या मातीत कार्बन नावाला. उष्ण, पावसाळी सपाटीवरच्या लाल मातीत तिप्पट. मशीन बिघडलंय, उघड आहे. मेकॅनिकनं नाक कोरत कोरत तपासलं. म्हणाला, ठणठणीत आहे. त्याच बोटानं बटणं दाबली.

६ मार्च
नमुन्यांच्या पिशव्यांची अदलाबदल! चिठ्ठ्या ड्रायव्हरनं लिहिल्या असणार. बायकोला चिठ्ठ्यांचा फोटो दाखवला. म्हणाली, अहो, हे कोंबडीचे पाय तुमचेच. हिला अक्षरातलं काय कळतं?

९ मार्च
स्वतः डोंगरावर, नवे नमुने घ्यायला. मोजे कुबट, डब्यात मुंग्या. ड्रायव्हरनं चिमूटभर माती बोटांत चोळली. म्हणाला, साहेब, ही नुसती वाळू. धरायला काही नको का हिच्यात? म्हटलं, तू गाडी बघ.

११ मार्च
पुन्हा तेच आकडे. पेपरचं शीर्षक मात्र लिहून झालं. निम्मं काम संपलं.

१३ मार्च
मीटिंग. अर्धा तास थंडीवर बोललो. लोक बिस्किटं कुरतडत होते, टेबलभर चुरा. मग खनिजबाई उठली. म्हणाली, पाचोळा किती येतो, किती वेगानं कुजतो ते हवामान ठरवतं; त्यातलं किती टिकतं ते खनिजं. थंड वाळूत धरायला काही नाही, लाल मातीत लोह आहे. संचालक म्हणाले, वा! किळस आली. मी हेच म्हणत होतो. मनात.

१४ मार्च
ती स्वतः आली. म्हणाली, सर, नमुने तुमचे, पेपरवर तुमचंही नाव घालू. फक्त ते थंडीचं शीर्षक सोडा. साफ नकार दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व. येतील पाया पडत.

२ सप्टेंबर
कुणी आलं नाही. तिचा पेपर छापून आला. माझं नाव शेवटी, आभारांत: ‘खड्डे खणून दिल्याबद्दल.’ आडनाव चुकलंय. बायकोला दाखवलं. म्हणाली, बरंच झालं की, कुणाला कळायचं नाही.