लाल्याची दोन उत्तरं

१४ सप्टें.
कृषी कॉलेजात शिकवून घरी आल्यावर शेतीच्या प्रश्नोत्तरांची साइट उघडली. फुलसावंगीच्या कल्पनाबाईंचा प्रश्न: कपाशीची पानं लाल पडून राह्यली, काय मारू? म्हणजे लाल्या रोग, पण फोटो पानाच्या वरच्या बाजूचाच. खालून रस शोषणारे तुडतुडे असतील तर औषध वेगळं. नसतील तर मॅग्नेशियम कमी पडलंय, उपाय वेगळा. म्हणून दोन स्वतंत्र उत्तरं टाकली. दोन्हींची सुरुवात एकच, आधी पान उलटून पाहा. ज्याला जे लागू पडेल त्याखाली तसं लिहावं, मागून येणाऱ्यालाही कळेल.

१५ सप्टें.
दोन्ही उत्तरं एकत्र करून टाकलीत! प्रकाशचं काम. यवतमाळला एका वर्गात होतो, साइट आता तो सांभाळतो. फोन केला. म्हणे, एका माणसानं एकच उत्तर द्यावं, शिष्टाचार आहे. कळंबचा कोणी एकच गोष्ट पाचदा टाकून पसंत्या गोळा करतो, त्याच्यासाठी नियम. त्या माणसाला मीही वैतागलेय. पण माझी दोन उत्तरं दोन वेगळ्या रोगांची. फरक कळू नये?
शिवाय आधी पान उलटून पाहायची ओळच गायब. "दोनदा आली होती, काढली," म्हणे.
वेगळी करून परत टाकली. त्यानं परत जोडली.

१६ सप्टें.
पुन्हा टाकली. खातं बंद. लेक म्हणते, आई, साइटच तर आहे, सोड. सोडू कशी? त्या बाईचं अख्खं शेत उभं आहे.

१९ सप्टें.
खातं बंद म्हणून साइटवर लिहिता येत नाही, वाचता येतं. कल्पनाबाईंनी लिहिलंय, मॅडमनं सांगितलं तसं दोन्ही एकाच पंपात कालवून मारलं, पानं कडेनं करपली.
मॅडमनं सांगितलं तसं! प्रकाशला फोन.
"तुह्या उत्तरात दोन्ही होतंच ना," म्हणाला.
"माह्या दोन उत्तरांत होतं. जोडताना मधात 'किंवा' तरी लिहायचं."
मग म्हणे, नियम सगळ्यांले सारखा. मी म्हटलं, माझा नंबर बाईंना दे, आणि फोन ठेवला.

२० सप्टें.
कल्पनाबाईंचा फोन आला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मॅडम, आता काय करू ते एकच सांगा."
काय सांगणार? फवारणी झाली, आता पानाखाली तुडतुडे नसले तरी त्यावरून काही ठरत नाही. न बघता बोलायचं नाही आता. उद्या येते म्हटलं.
संध्याकाळी प्रकाशचा मेसेज: 'मीपण येतो. पुसदच्या स्टँडवर थांबतो.' खात्याबद्दल अक्षर नाही. जोडलेलं उत्तर अजून तसंच, खाली नवीन चार जणांच्या पसंत्या. कोणकोणत्या गावचे, कोण जाणे.
त्याला काही कळवलं नाही. पुसदची गाडी सकाळची आहे.